दुपारचा तांब्या

मे महिन्यातल्या एका दुपारी, दोन-अडीचच्या सुमारास, स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला आई अंगणात दिसल्या. माझ्या सासूबाई आता ८३ वर्षांच्या आहेत. डोक्यावरून पदर घेऊन, डावा हात भिंतीला टेकवून, उजव्या हातातल्या तांब्याने त्या गिलकीच्या वेलीच्या बुडाशी पाणी घालत होत्या. फरशी इतकी तापली होती की त्या एकदा या पायावर आणि एकदा त्या पायावर भार देत उभ्या होत्या. मांडवावरची पाने पिळून टाकलेल्या फडक्यांसारखी लोंबत होती. सकाळपासून साबुदाण्याच्या पापड्या घालून मी थकले होते, त्यात तासाभरात त्यांनी मला एकच गोष्ट तीनदा विचारली होती, आणि मी खिडकीतूनच ओरडले, "आई, भर उन्हात पाणी नका घालू! मुळं उकडून निघतील तिची." त्या थांबल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "झुकून राहिली आहे गं ती." मग तांब्या पायरीवर ठेवून, कठडा धरत धरत, आत निघून गेल्या.

संध्याकाळी सहा वाजता वेल आपोआप ताठ झाली होती.

मला तेव्हा बरे वाटले, हे इथे लिहिलेच पाहिजे. बागेतले आपल्याला कळते, आपण बोललो ते खरे होते, असे ते बरे वाटणे होते. हे कामावरून आले तेव्हा मी त्यांना अंगणात नेऊन वेल दाखवलीसुद्धा. पश्चिमेकडून वारा सुटला होता. दिवसभर कितीही तापले तरी माळव्यातली रात्र माणसाला क्षमा करते, असे आमच्या इंदूरच्या रामबागेतले जुने लोक म्हणत असत, आणि चहूबाजूंनी तीन-तीन मजले उठले असूनही अंगणाच्या उरलेल्या तुकड्यात तो वारा अजून वाट काढत येतो. मोगऱ्याला चार-पाच कळ्या फुटल्या होत्या. आई आत पलंगावर पडून होत्या. जेवायला नको म्हणाल्या. उन्हाळ्यात भूक मंदावतेच, म्हणून मीही आग्रह केला नाही.

या वेलीबद्दल मला जे काही येते, ते सगळे त्यांनीच शिकवलेले आहे. मी १९८८ साली साताऱ्याहून लग्न होऊन इंदूरला आले, तेव्हा आमच्याकडच्या घोसाळ्याला इथली मराठी माणसेही गिलकी म्हणतात हे ऐकून मला परक्या देशात आल्यासारखे वाटले होते. दोडक्याला इथे तुरई म्हणतात. मंडईत भाजीवालीने "गिलकी दूँ या तुरई?" असे विचारले की मी आईंच्या तोंडाकडे बघत असे. त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात दोन्हींच्या वेली एकाच मांडवावर चढवल्या आणि फरक पानांवरून सांगितला नाही, तर फुलांच्या वेळेवरून सांगितला. गिलकीचे पिवळे फूल पहाटे उमलते आणि दोडक्याचे दिवेलागणीला. "एक सकाळी उठणारी सून आहे, एक संध्याकाळी नटणारी," असे त्या म्हणाल्या होत्या, आणि पहाटे मला हाताला धरून अंगणात नेऊन त्यांनी ते फूल उमललेले दाखवले होते. देठाशी बोटाएवढे हिरवे फळ धरलेले फूल मादीचे, ते एकेकटे येते. झुबक्याने येणारी नराची. कडक उन्हाळ्यात नरफुलेच जास्त येतात, फळ धरत नाही, आणि शेजारपाजारच्या बायका "वांझ वेल आहे, उपटून टाका" म्हणत. आई कधी उपटत नसत. "ऊन जास्त झालं की ती लेकरं पुढे ढकलते. पाऊस येऊ द्या," एवढेच म्हणत.

आणि पाण्याचे सूत्रही त्यांचेच होते. दुपारी झुकली तर ऊन, सकाळी झुकली तर तहान. पुढे मुलाच्या शाळेच्या पुस्तकात बाष्पोत्सर्जनाचा धडा वाचताना मला याचा उलगडा झाला. गिलकीचे पान तळहाताहून मोठे असते, भर उन्हात त्यातून जेवढे पाणी उडून जाते तेवढे मुळांना वर चढवता येत नाही, म्हणून जमिनीत ओल असूनही पान मान टाकते, आणि मान टाकल्यामुळे त्याच्यावर सरळ ऊन पडत नाही. ऊन कलले की मुळे मागची बाकी भरून काढतात. सकाळी उजाडतानाही पान खालीच असेल, तर मात्र माती खरोखर कोरडी आहे. तरीही खात्री हवी असेल तर मातीत बोट खुपसून बघायचे, दोन पेरांपर्यंत. आमच्या इथली काळी माती वरून भेगाळलेली असते आणि खाली ओल धरून बसलेली असते, तिच्या वरच्या रूपावर जाऊन चालत नाही. वेलीच्या बुडाशी त्यांनी कुंभाराकडचे कच्च्या रंगाचे मडके गळ्यापर्यंत पुरले होते. ते भरून वर झाकणी ठेवली की त्याच्या अंगातून पाणी पाझरत राहते आणि मुळे आपणहून त्याला बिलगतात. आज अंगणात आहे ते मडके तिसरे किंवा चौथे असेल, पण जागा तीच आहे.

म्हणजे त्या दुपारी मी त्यांना त्यांचेच वाक्य परत केले होते. मुळे उकडून निघतात, हे माझ्या पहिल्या उन्हाळ्यात त्या मला म्हणाल्या होत्या.

रात्री अकराच्या सुमारास त्यांच्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. स्टुलावरचा चष्मा आणि औषधांचा डबा खाली पडला होता आणि आई पलंगाच्या कडेला, पाय खाली सोडून, दोन्ही हातांनी गादी घट्ट धरून बसल्या होत्या. मी दिवा लावला तेव्हा त्यांनी मला त्यांच्या धाकट्या जावेच्या नावाने हाक मारली. त्या काकूंना जाऊन १५ वर्षे झाली आहेत. "चूल विझली का गं?" असे त्यांनी मला विचारले, इतक्या काळजीने विचारले की मी क्षणभर मागे वळून पाहिले. त्यांची जीभ ओठांवर फिरत होती आणि तिचा कोरडा, कागदासारखा आवाज मला ऐकू येत होता. यांनी डॉक्टरांना फोन लावला. मी पाणी द्यावे म्हणून उशाशी हात नेला, तर तिथे तांब्या नव्हता.

त्यांच्या उशाचा तांब्या ठरलेला आहे. तो त्यांच्या सासूबाईंचा, पितळेचा, गळ्याशी नाव कोरलेला आणि त्या नावातली अर्धी अक्षरे चिंचेने घासून घासून पुसट झालेली. दुपारचे जेवण झाले की मी तो माठातल्या पाण्याने भरून, वर फुलपात्र पालथे घालून त्यांच्या उशाशी ठेवते. संध्याकाळपर्यंत त्यांनी तो संपवावा, असे आमच्यात ठरले आहे. मी स्वयंपाकघरात पाहिले, मोरीत पाहिले. मग पायरीवर गेले. तांब्या तिथे होता, दुपारी ठेवला होता तसाच. तळाशी चार बोटे पाणी होते आणि त्यात एक मुंगी तरंगत होती.

दुपारी मला खिडकीतून हात दिसला होता, वेल दिसली होती. हातातला तांब्या कोणता, हे मी पाहिलेच नव्हते. गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी हाताला चटका देते, ते मुळांना घालायचे नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांचा नियम तापलेल्या पाण्याचा होता आणि मी त्याचा अर्धाच भाग लक्षात ठेवला होता. त्यांच्या वाट्याचे थंड पाणी घरात एकाच ठिकाणी होते. ते त्यांनी आपल्या उशाकडून उचलले आणि तिला नेऊन घातले.

डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे आम्ही रात्रभर चमच्या-चमच्याने ओआरएस पाजत राहिलो, आणि सकाळी दवाखान्यात नेऊन एक सलाइन लावली. दुपारपर्यंत त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली. डॉक्टर आमच्या चांगल्या ओळखीचे आहेत, त्यांनी मला समोर बसवून सगळे समजावले. तरुण माणसाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असते, म्हातारपणी ते ५० टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे साठाच कमी असतो. मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकद कमी होते. आईंना रक्तदाबासाठी जी पाण्याची गोळी आहे, ती शरीरातले पाणी आणि मीठ बाहेरच काढते, तिचा हिशेब उन्हाळ्यात पुन्हा करावा लागतो, आणि तो त्यांनी केला. पण माझ्या मनात रुतून बसले ते त्यांचे एकच बोलणे. वय झाले की तहान लागणेच कमी होते. शरीर कोरडे पडत असते आणि मेंदूपर्यंत निरोप पोहोचत नाही. "त्या खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच तहान लागलेली नसते," ते म्हणाले. लहान मुलासारखी चिमटीत त्वचा धरून पाहण्याचाही उपयोग नाही, कारण म्हाताऱ्या हातावरची त्वचा पाणी पुरेसे असले तरी लगेच खाली बसत नाही. जीभ पाहायची, लघवीचा रंग पाहायचा, बोलण्यात गोंधळ वाटला तर थांबायचे नाही.

दवाखान्यातून रिक्षाने परत येताना मी त्यांचा हात धरून बसले होते. सलाइनच्या सुईपाशी निळे पडले होते. जी वेल तहानलेली दिसते ती तहानलेली नसते, हे ओळखायला ज्या बाईने मला शिकवले, तिची न दिसणारी तहान मला ओळखता आली नव्हती, आणि तिच्यासाठी मातीत बोट खुपसून बघण्यासारखी कुठली युक्तीही नव्हती.

खरे सांगायचे तर पाणी कमी पिण्याचे त्यांचे आणखी एक कारण मला पूर्वीपासून माहीत होते, आणि मी ते चालवून घेतले होते. त्यांचे गुडघे गेले आहेत. रात्री दोनदा उठावे लागले तर त्यांना भिंत धरून जावे लागते, आणि मला हाक मारणे त्यांना आवडत नाही. म्हणून दुपारी चारनंतर त्या पाण्याला शिवत नाहीत. आमच्या पिढीच्याही किती बायका लग्नाला, प्रवासाला निघायचे म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत! "मला नाही लागत गं तहान," हे वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून ऐकले आहे, मावशीच्या तोंडून ऐकले आहे, आणि मी स्वतः बोललेले आहे. रात्री मलाही झोपमोड नको असायची. त्या चारनंतर पीत नाहीत हे माझ्या सोयीचे होते, हे लिहिताना हात जड होतो, पण ते तसेच होते.

त्याहून जुने कारण या शहराच्या पाण्यात आहे. आई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा वाड्याच्या विहिरीला वैशाखात तळ दिसत असे. खाली उतरून वाटीने पाणी भरावे लागे, आणि कोणाला किती कळशा हे मोठ्या सासूबाई ठरवत. १९७८ साली नर्मदेचे पाणी इंदुरात आले. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून ते आणलेले आहे. अंगणातल्या नळाला पहिल्यांदा नर्मदा आली त्या दिवशी आईंनी नळाला हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता, आणि आजही नळ आला की त्या "पाणी आलं" असे म्हणत नाहीत, "मैया आली" म्हणतात. मैया एक दिवसाआड येते. ती आली की घरातले प्रत्येक भांडे भरायचे, आणि मग दोन दिवस त्या भांड्यांचा जमाखर्च आईंच्या डोक्यात चालू असतो. तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला जाते, भाजी धुतलेले मोगऱ्याला. पाणी सांडले की त्यांना ते अंगावर सांडल्यासारखे लागते. अशा माणसाने वेलीसाठी पाणी कुठून काढले असते? दुसऱ्या कुणाच्या वाट्यातून त्यांनी ते कधीच काढले नसते.

त्या दिवसानंतर मी "आई, पाणी प्या" म्हणणे सोडून दिले, कारण त्याला "नको" हे उत्तर तयार असते. त्याऐवजी मी पन्हे करू लागले. पन्ह्यावर आमच्या घरात जुना वाद आहे. माझे माहेरचे पन्हे उकडलेल्या कैरीचे, गुळाचे, वेलदोडा आणि केशर घातलेले. आईंचे पन्हे मूळचे तेच, पण शेजारच्या मालवी कुटुंबाच्या ३०-४० वर्षांच्या सहवासात ते पार बदलून गेले आहे. त्या कैरी थेट आचेवर भाजतात, साल काळी होऊन फुटेपर्यंत, मग गर काढून त्यात भाजलेले जिरे, पादेलोण आणि वाटलेला पुदिना घालतात, आणि गूळ नावापुरता. लग्नानंतर बरीच वर्षे मला ते पन्हे वाटतच नसे. पण या उन्हाळ्यात मी ते त्यांच्या पद्धतीने केले. गॅसवर कैरी फिरवताना तिची साल फुटली आणि आतून फेस येऊन तो आंबट, धुरकट वास घरभर झाला, तेव्हा आई पलंगावरून म्हणाल्या, "अजून थोडी होऊ दे, देठापाशी कच्ची आहे." त्यांना दुसऱ्या खोलीतून ते वासावर कळले होते. मीठ मात्र त्यांना आता कळत नाही. पूर्वी कैरीची डाळ चाखून "दोन दाणे मीठ कमी" म्हणणारी ही जीभ, हल्ली ताटातल्या प्रत्येक पदार्थाला अळणी म्हणते. मी मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवला आहे, आणि तो तिथे ठेवताना मला चोरी केल्यासारखे वाटले होते.

सकाळी अर्धे फुलपात्र पन्हे, अकराला ताक, जेवणानंतर कलिंगडाच्या चार फोडी, दुपारी भाताची पेज. रात्रीसाठी मी माझी गादी त्यांच्या खोलीत टाकली. दोनदा उठायचे तर दोनदा उठू, असे त्यांना सांगितले. पहिले चार दिवस त्या न उठण्याचा आटापिटा करत जाग्याच पडून राहिल्या, हे त्यांच्या कुशी बदलण्यावरून मला कळत होते. पाचव्या रात्री त्यांनी हाक मारली. अंधारात त्यांचा तळवा माझ्या मनगटावर होता, हलका, आणि मोरीपर्यंतच्या त्या १२-१५ पावलांत आम्ही दोघीही काही बोललो नाही. परत येऊन पडल्यावर त्या म्हणाल्या, "तुझी झोप जाऊन राहिली माझ्यापायी." मला उत्तर सुचले नाही. माझी झोप जातच होती, आणि मला त्याचा शीणही होता, आणि तरी मी दुसरीकडे झोपायला गेले नसते.

दुपारचा तांब्या आता मी दोन वेळा भरते. एक त्यांच्या उशाशी आणि एक दाराशी, वेलीसाठी. "दोन कशाला, घासायला काय कमी भांडी आहेत?" असे त्या म्हणाल्या, पण दुसऱ्या दिवसापासून दाराशी बसून, पुरलेल्या मडक्यात त्या तो हळूहळू रिकामा करू लागल्या. दोन वाजता वेलीला त्याची गरज नसते. मी काही बोलत नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली सर आली. तापलेल्या मातीतून वाफ निघाली, भेगा मिटल्या, आणि आठवड्याभरात एकेकट्या फुलांच्या पाठीशी बोटाएवढी हिरवी फळे दिसू लागली. पहिल्या तोडणीला तीनच गिलक्या मिळाल्या. आईंनी त्या हातात घेऊन नखाने देठाजवळ दाबून पाहिल्या, कोवळ्या आहेत म्हणाल्या, आणि मग विचारले, "भजीला पुरतील का गं तीन?" मी डाळीच्या पिठात ओवा, तिखट, हळद घातली, चकत्या केल्या आणि कढईत सोडू लागले. कोवळ्या गिलकीची भजी तेलात पडली की आधी जड होऊन खाली बसते, मग अंगातले पाणी सोडत सळसळत वर येते, आणि बाहेरून कुरकुरीत झाली तरी आत लोण्यासारखी राहते. बाहेर पाऊस, आत तो आवाज, या गडबडीत मी पिठात मीठ दोनदा घातले, हे मला पहिली भजी तोंडात टाकल्यावर कळले. मी ताट उचलायला गेले तोवर आईंनी दोन खाल्ल्या होत्या. त्यांनी तिसरी अर्धी तोडली, चावली, आणि भुवया वर करून माझ्याकडे पाहिले.

"खारट झाली आहेत," त्या म्हणाल्या. "पाणी दे."